घरगुती डिह्युमिडिफायरने खोली थंड करताना

डिह्युमिडिफायर चालू असताना त्याच्या झडपेसमोर हात धरला, तर बाहेर पडणारी हवा कोमट लागते आणि तरीही त्याच यंत्राच्या पोटात, मागच्या जाळीआड, एक कॉइल घामेजलेली व थंडगार असते. पंखा खोलीतली हवा आत ओढतो, या थंड कॉइलवरून म्हणजे इव्हॅपोरेटरवरून जाताना हवेतले बाष्प पाणी होऊन खालच्या टाकीत ठिबकते आणि गार व कोरडी झालेली तीच हवा लगेच दुसऱ्या, गरम कॉइलवरून म्हणजे कंडेन्सरवरून खोलीत परत येते. एसीमध्येही या दोन कॉइल, त्यांच्यातून फिरून उष्णता वाहून नेणारा गॅस आणि तो दाबणारा कॉम्प्रेसर असतोच. मात्र एसीची गरम कॉइल घराबाहेर असते आणि डिह्युमिडिफायरची खोलीतच. त्यामुळे जुन्या डिह्युमिडिफायरकडून थंडावा मिळवायचा असेल, तर गरम कॉइलवरून जाणारी हवा थंड कॉइलच्या हवेपासून तोडून घराबाहेर सोडायची असते. पुढची सगळी खटपट एवढ्यासाठीच आहे.

या दोन यंत्रांचे नाते तसे जुने आहे. विलिस कॅरियर यांनी १९०२ साली आखलेली जी यंत्रणा आधुनिक एसीची सुरुवात मानली जाते, ती माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हे, तर ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यातला दमटपणा आटोक्यात राहावा म्हणून आखली होती. दमट हवेत कागद फुगे आणि रंगांचे ठसे एकमेकांवर नीट बसत नसत.

थंडावा मिळेल किती?

हत्यारे बाहेर काढण्यापूर्वी कागद-पेन्सिल घ्यावी. एक लिटर पाणी बाष्पातून द्रवरूपात येताना सुमारे २,४४० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबात जवळपास ०.६८ युनिट एवढा अप्रकट उष्मा थंड कॉइलला देते. दिवसाला २० लिटर पाणी काढणारे आणि सुमारे ३५० वॅट वीज घेणारे यंत्र उदाहरणादाखल धरले, तर केवळ बाष्पाचे पाणी करण्यात ते सरासरी ५६५ वॅट उष्णता शोषते. मूळच्या अवस्थेत ही उष्णता आणि कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज असे मिळून सुमारे ९१५ वॅट खोलीतच परत येतात, म्हणून बंद खोलीत डिह्युमिडिफायर चालवला की हवा कोरडी होते पण तापमान चढते.

थंड कॉइल बाष्पाशिवाय हवेलाही थोडे गार करते. ते धरून अशा यंत्राची एकूण शीतक्षमता साधारण ८५० वॅटच्या आसपास येते. एसीच्या भाषेत एक टन म्हणजे एक अमेरिकन टन, सुमारे ९०७ किलो, बर्फ २४ तासांत वितळवण्याइतका थंडावा, तो ३.५ किलोवॉट भरतो. म्हणजे आपल्या हाती येणारे यंत्र फार तर पाव टनाचे आहे. शांत बसलेला एक माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो आणि दुपारचे ऊन अंगावर घेणारी एखादी काचेची खिडकी त्याच्या कितीतरी पट उष्णता आत आणू शकते. सावलीतली, आठ-नऊ चौरस मीटरची, चांगली बंद होणारी खोली आणि तीत एखादा माणूस, एवढीच या यंत्राची झेप आहे. शिवाय यंत्रावर छापलेला लिटरचा आकडा बहुधा ३० अंश सेल्सिअस आणि ८० टक्के सापेक्ष आर्द्रतेला मोजलेला असतो. कोरड्या हवेत पाणी त्याच्या निम्मेही निघत नाही. या कामासाठी नवे यंत्र विकत घेणे मला शहाणपणाचे वाटत नाही. घरात पडून असलेले, वॉरंटी संपलेले पण नीट चालणारे यंत्र असेल, तरच हा उद्योग करावा.

दोन सोपे वाटणारे मार्ग, जे टाळावेत

पहिला मार्ग मी स्वतः करून पाहिला आहे. यंत्र न उघडता त्याच्या झडपेवर पुठ्ठ्याचे तोंड बसवले, त्याला १५० मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची लवचीक नळी जोडली आणि नळीचे दुसरे टोक खिडकीबाहेर काढले. तासाभराने खोलीतला तापमापक २९ वरून ३० अंशांवर गेला होता. चूक अगदी साधी होती. थंड आणि गरम या दोन्ही कॉइलवरून हवेचा एकच झोत जात असल्यामुळे गरमीबरोबर सगळा थंडावाही मी खिडकीबाहेर सोडत होतो आणि बाहेर गेलेल्या हवेची जागा फटींतून शिरणारी गरम हवा घेत होती. कॉम्प्रेसर असलेला एक महागडा एक्झॉस्ट पंखा तेवढा तयार झाला होता.

दुसरा मार्ग म्हणजे गरम कॉइल पाण्याच्या टबात बुडवणे. आपल्या उदाहरणातल्या यंत्राचा कंडेन्सर एकूण १,२०० वॅट उष्णता बाहेर टाकतो; ५० लिटर पाणी त्याने तासाभरात सुमारे २० अंशांनी तापेल आणि दुसऱ्या तासाला थंड करण्यासारखे त्यात काही उरणार नाही. तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांचा जोड पाण्यात गंजतो तो वेगळाच, आणि विजेच्या यंत्रालगत भरलेला टब ठेवण्याचा धोका तर उघडच आहे.

तिसरीही एक चूक आहे, पण ती अर्धी बरोबर असल्यामुळे लवकर लक्षात येत नाही. कॉइल वेगळ्या केल्यानंतर कंडेन्सरला लागणारी हवा खोलीतूनच घेऊन फक्त बाहेर सोडण्याची नळी लावली, तर काम झाले असे वाटते. पण कंडेन्सरवरून ताशी ४०० घनमीटर हवा जात असेल आणि बाहेरचे तापमान आतल्यापेक्षा ८ अंशांनी जास्त असेल, तर तेवढीच बाहेरची हवा खोलीत शिरून सुमारे १,०७० वॅट उष्णता आत आणते, आणि आपण मिळवत होतो ८५०. एका नळीच्या, चाकांवरच्या एसीबद्दल जी तक्रार ऐकू येते तिचे मूळ हेच आहे. त्या यंत्रांची क्षमता मोठी असल्याने ती निभावून जातात, आपले यंत्र निभावणार नाही. कंडेन्सरने हवा बाहेरूनच घ्यावी आणि बाहेरच सोडावी, यात तडजोड करू नये.

यंत्र योग्य आहे का?

सगळे डिह्युमिडिफायर या कामाचे नसतात. हातात सहज उचलता येणारे, कॉम्प्रेसरचा आवाज नसलेले आणि दिवसाला पेलाभर पाणी काढणारे यंत्र पेल्टियर पद्धतीचे असते. त्यातून खोलीला जाणवेल असा थंडावा मिळत नाही. फिरती जाड चकती आणि हीटर असलेले यंत्र शोषक पद्धतीचे असते. त्यात थंड कॉइलच नसते. आपल्याला हवे ते यंत्र जड असते, सुरू होताना कॉम्प्रेसर घुमल्याचा आवाज करते आणि जाळी काढली की त्यात एकामागे एक दोन कॉइल दिसतात.

यानंतर मागच्या पट्टीवर गॅसचे नाव वाचावे. तिथे आर-२९० असेल, तर यंत्र बंद करून बाजूला ठेवावे. तो प्रोपेन आहे. हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला तर जमिनीलगत साचतो आणि स्विचची एक ठिणगी त्याला पुरते. आर-३२ सुद्धा, प्रोपेनइतका नसला तरी, ज्वलनशील आहे आणि मी त्यालाही हात लावणार नाही. आर-१३४ए किंवा आर-४१०ए असेल तर पेट घेण्याची भीती नाही, पण दोन्ही वायू वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट प्रभावी आहेत. त्यामुळे गॅस कोणताही असो, या कामात एकही नळी कापायची नाही, एकही जोड उघडायचा नाही.

कवच काढणे

प्लग काढून यंत्र किमान अर्धा तास स्वस्थ ठेवावे आणि त्यानंतरच कवचाचे स्क्रू काढावेत. कॉम्प्रेसरजवळ डब्यासारखा, वीज साठवणारा कपॅसिटर असतो आणि प्लग काढल्यानंतरही त्यात झटका देण्याइतका भार राहू शकतो. त्याची टोके स्क्रूड्रायव्हरने जोडून ठिणगी पाडण्याची सवय अनेकांना असते. त्याऐवजी दहा-वीस किलोओहमचा, काही वॅट पेलणारा रेझिस्टर इन्सुलेशन असलेल्या चिमट्यांनी काही सेकंद टोकांना लावून धरावा आणि मल्टिमीटरवर शून्य दिसल्यावरच पुढे जावे. प्रत्येक तार सोडवण्यापूर्वी तिचा फोटो काढावा. कॉइलचे पापुद्रे पात्यासारखे धारदार असतात, म्हणून जाड हातमोजे घालावेत. साठलेली धूळ मऊ ब्रशने पापुद्र्यांच्या दिशेनेच, वरून खाली झाडावी. आडवा ब्रश मारल्यास ते दुमडतात आणि हवेची वाट बंद होते.

कॉइल वेगळ्या करणे

या कामातला खरा नाजूक भाग हाच आहे आणि तो घाईत करू नये. आधी नुसते बघत बसावे आणि चार नळ्यांचा माग काढावा. कॉम्प्रेसरमधून निघून कंडेन्सरच्या वरच्या अंगाला जाणारी नळी चालू यंत्रात सर्वांत गरम असते. कंडेन्सरमधून निघालेली नळी बोटाएवढ्या जाड फिल्टरमध्ये शिरते आणि त्या फिल्टरमधून सुतळीसारखी बारीक कॅपिलरी निघून इव्हॅपोरेटरकडे जाते. इव्हॅपोरेटरमधून एक जाडसर, थंड नळी कॉम्प्रेसरकडे परतते. पुष्कळ यंत्रांत कॅपिलरी या परतीच्या नळीला चिकटवलेली किंवा तिच्याभोवती गुंडाळलेली असते. ती सोडवू नये.

कंडेन्सर हलवायचा, तर गरम नळी आणि कॅपिलरी यांना ढील हवी. इव्हॅपोरेटर हलवायचा, तर परतीची नळी आणि कॅपिलरी यांना. ज्या बाजूच्या नळीला मोठा, सैल वळसा आहे, ती कॉइल हलवावी. कॉइलचे बैठकीचे स्क्रू काढून ती दोन्ही हातांनी धरावी आणि दारासारखी एका कडेवर हळूहळू उघडावी, जेणेकरून वाक नळीच्या एकाच जागी न येता सगळ्या वळशात वाटला जाईल. दुसऱ्या माणसाने त्या वेळी नळीवर डोळा ठेवावा. तांबे वाकवले की त्या जागी कडक होत जाते. पुढे-मागे तीन-चारदा केले तर तडकते. म्हणून कॉइल कुठपर्यंत न्यायची हे आधी ठरवून एकदाच वाकवावे, आणि झाळलेल्या जोडापासून वाक निदान चार बोटे दूर ठेवावा. नळी चपटी होऊ लागलेली दिसली की तिथेच थांबावे. चपटी झालेली नळी परत गोल करण्याच्या प्रयत्नात ती फुटते, आणि गॅस गेला की हे यंत्र दुरुस्त करण्याचा खर्च सहसा परवडत नाही.

दोन कॉइलमध्ये १२ ते १५ सेंटिमीटर अंतर मिळाले तर काम होते, कारण मध्ये पडदा उभा करून त्याच्या दोन्ही अंगांना हवेला वळायला जागा लागते. आठ सेंटिमीटरच्या पुढे कॉइल सरकतच नसेल, तर यंत्र पुन्हा होते तसे बंद करावे. नळ्या लांबवणे, व्हॅक्यूम करणे आणि वजनावर गॅस भरणे हे रेफ्रिजरेशनच्या कारागिराचे काम आहे. कॉइल नव्या जागी आली की ती पट्ट्यांनी पक्की बांधावी, नाहीतर कॉम्प्रेसरची थरथर रात्रंदिवस त्या वाकावर येत राहते. कॅपिलरी दुसऱ्या धातूला जिथे टेकते तिथे तिच्यावर रबराची नळी चढवावी. असे घासून पडलेले टाचणीच्या टोकाएवढे भोक सगळा गॅस घालवते.

मधला पडदा, पंखे आणि पाणी

आता यंत्राला खोलीचे अंग आणि बाहेरचे अंग अशी दोन दालने द्यायची आहेत. खिडकीच्या मापाचा प्लाय कापून त्यात यंत्र असे बसवावे की इव्हॅपोरेटर आत राहील आणि कंडेन्सर व कॉम्प्रेसर बाहेरच्या अंगाला जातील. कॉम्प्रेसरचे कवच स्वतः बरेच तापते, ते आत ठेवले तर थंडाव्यातला वाटा तेच खाते. वजन खिडकीच्या चौकटीवर न टाकता खालून भक्कम घोडीवर घ्यावे. गरम बाजूचा पडदा पत्र्याचा करावा. थर्मोकोल लावायचा असेल तर तो फक्त थंड बाजूला लावावा, कारण तो सहज पेटतो. नळ्या जिथून आरपार जातात त्या फटी सिलिकॉनने आणि फॉइल टेपने बंद कराव्यात. या फटी क्षुल्लक वाटतात, पण गरम हवा थेट थंड कॉइलकडे नेणारी वाट हीच असते. संध्याकाळी आत दिवा लावून बाहेरून पाहिले की राहिलेली प्रत्येक फट उजेडाने स्वतःच दिसते.

खिडकी यंत्राला पुरेशी नसेल, तर यंत्र आत ठेवून कंडेन्सरच्या दालनाला दोन नळ्या जोडता येतात, एक बाहेरची हवा आणणारी आणि एक नेणारी. त्या १५० मिलिमीटरपेक्षा बारीक नसाव्यात, शक्य तितक्या आखूड आणि सरळ असाव्यात, आणि बाहेर त्यांची तोंडे एकमेकांपासून मीटरभर लांब ठेवावीत, नाहीतर सोडलेली गरम हवाच पुन्हा आत ओढली जाते.

पंख्यांच्या बाबतीत कंजुषी करू नये. मूळ रचनेत कंडेन्सरला थंड कॉइलवरून आलेली गार हवा मिळत होती आणि त्याच भरवशावर त्याचा आकार लहान ठेवलेला होता. आता त्याला बाहेरची ३५ अंशांची हवा मिळणार. ताशी २०० घनमीटर हवा दिली तर ती १८ अंशांनी तापून ५३ अंशांवर बाहेर पडेल आणि आतला दाब इतका वाढेल की कॉम्प्रेसरचा ओव्हरलोड, म्हणजे तो फार तापला की वीज तोडणारा स्विच, त्याला बंद पाडेल. ताशी ४०० घनमीटर दिली तर तीच वाढ ९ अंशांवर येते. म्हणून कंडेन्सरला नवा, मोठा पंखा द्यावा आणि यंत्राचा मूळ पंखा जागा मिळाल्यास इव्हॅपोरेटरसाठी वापरावा. दोन्ही पंखे कॉम्प्रेसरच्या आधी सुरू झाले पाहिजेत. हवा न मिळालेल्या कंडेन्सरचा दाब चढतो आणि हवा न मिळालेल्या इव्हॅपोरेटरवर बर्फ जमतो. नव्या पंख्याचा भार यंत्राच्या सर्किट बोर्डवर टाकू नये. यंत्र आणि पंखा यांना एकच मुख्य स्विच द्यावा, त्या जोडणीला अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा, आणि बारीक तारेची एक्स्टेन्शन कॉर्ड अजिबात वापरू नये.

पाण्यासाठी इव्हॅपोरेटरखालचा ट्रे किंचित उतार देऊन बसवावा आणि टाकी भरल्यावर यंत्र थांबवणारा फ्लोट स्विच तसाच ठेवावा. एक युक्ती मात्र करण्यासारखी आहे. जमलेले गार पाणी बारीक नळीने कंडेन्सरच्या वरच्या कडेवर थेंबथेंब सोडले, तर ते तिथे वाफ होऊन जाते आणि कंडेन्सरचे ओझे हलके करते. खिडकीतले एसी हेच पाणी पंख्याने उडवून तोच परिणाम साधतात. त्यासाठी फक्त हेच पाणी वापरावे, नळाच्या पाण्याने पापुद्र्यांवर क्षार बसतो. थेंब कॉम्प्रेसरच्या टोकांवर किंवा तारांवर पडणार नाहीत हे आधी पाहावे.

दमटपणा मोजणारा सेन्सर ठरलेला आकडा गाठला की यंत्र बंद करतो, म्हणून यंत्र सतत चालण्याच्या मोडवर ठेवावे. इव्हॅपोरेटरला चिकटवलेला तापमानाचा छोटा सेन्सर मात्र जिथे होता तिथेच, घट्ट टेकलेला राहू द्यावा; बर्फ जमू लागल्याचे यंत्राला त्याच्याकडूनच कळते.

पहिल्यांदा चालवताना

कामाच्या वेळी यंत्र आडवे झाले असेल, तर उभे करून रात्रभर तसेच ठेवावे, म्हणजे कॉम्प्रेसरचे तेल तळाशी परत येते. पहिला तास समोर बसून राहावे. दहा मिनिटांत इव्हॅपोरेटरवर सगळीकडे सारखे दव दिसायला हवे; एका कोपऱ्यात बर्फ आणि उरलेली कॉइल कोरडी असे दिसले, तर हवा कमी पडते आहे किंवा गॅस गळला आहे. आत जाणाऱ्या आणि थंड होऊन येणाऱ्या हवेत एकेक तापमापक ठेवावा. ताशी २०० घनमीटर हवेत आठ अंशांचा फरक पडला, तर सुमारे ५३५ वॅटचा थंडावा हवेला मिळाला असे समजावे. बाकीचा पाण्याच्या रूपाने टाकीत दिसतो. कॉम्प्रेसर टक् असा आवाज करून थांबला आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू झाला, तर तो ओव्हरलोड आहे आणि दोष बहुतेक कंडेन्सरच्या हवेतच असतो. बंद केल्यावर पाच मिनिटे तरी पुन्हा सुरू करू नये, कारण दाब उतरण्याआधी कॉम्प्रेसर उचलत नाही आणि त्याची वाइंडिंग तापते.

बाहेर आलेला भाग पावसासाठी बनवलेला नाही. त्याच्यावर पुढे झुकलेले पत्र्याचे छप्पर आणि बाजूंना खाली तोंड असलेल्या झडपा लावाव्यात, आणि वाऱ्यासह पाऊस आला तर यंत्र बंद करून प्लग काढावा. पहिल्या आठवड्यात यंत्र चालू ठेवून झोपू नये किंवा घराबाहेर जाऊ नये. या काळात रोज एकदा, प्लग काढून, वाकवलेल्या नळीवर साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का ते पाहावे.